राखेने घासलेले जिताडे

बुळबुळीत गोष्टींची मला लहानपणापासून किळस. भेंडी, गोगलगाय, भिजून मऊ पडलेली साबणाची वडी. आणि लग्न लावून दिलं ते कोन गावातल्या अशा घरात, जिथे परसातच माशांचं तळं!

दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी खाडीतून आणलेली जिताड्याची पिल्लं माझ्या हवाली केली. "तळ्यात सोड," एवढंच म्हणाल्या. पण मी पडले शहाणी. पिल्लांच्या अंगावर तो लाळेसारखा थर! एवढी घाण तळ्यात जायची? मी राखेचं घमेलं घेऊन बसले आणि कालवणाचे मासे चोळावेत तसं एकेक जिवंत पिल्लू चोळून, धुऊन मगच पाण्यात सोडलं. मान अशी ताठ, जणू आता कुणी हार घालणार आहे. कुंपणापलीकडून थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगो, काय चकचकीत केलीस गं पिल्लं!"

आठवड्यात पिल्लं सडायला लागली. जिवंतपणी. आधी लाल चट्टे, मग जखमा, जखमांत पू, शेपट्यांच्या चिंध्या. हाताने उचलायला गेले तर कातडीच बोटाला चिकटून आली. त्या वासाने मला दोन दिवस अन्न गेलं नाही. निदान मात्र मी झटक्यात केलं: जाऊबाईंची नजर लागली! त्यांच्या दारात जाऊन मीठ-मिरच्या ओवाळल्या, नको नको ते बोलले. तेव्हापासून चाळीस वर्षं आमचं कुंपण एक आणि बोलणं बंद.

यंदा तळ्यातल्या एका जिताड्याला तसाच चट्टा दिसला. माझी नात माशांचे रोग शिकते. तिने चट्टा खरवडून मायक्रोस्कोपखाली धरला. आत बारीक काड्या वळवळत होत्या. शी! मग तिने कागदावर चित्र काढलं, कारण पुढची गोष्ट त्या यंत्रात दिसण्याइतकीही मोठी नसते. या जंतूंच्या अंगावर पोकळ सुया असतात म्हणे. जंतू माशाच्या पेशीला चिकटतो, सुई खुपसतो आणि आपलं विषारी प्रथिन थेट आत सोडतो. पेशीचा आतला सांगाडाच ढासळतो. जंतूंना गिळायला धावून येणाऱ्या रक्षक पेशींनाही तो तसाच टोचून गार करतो.

"आणि मासा गप्प बसतो?" मी विचारलं.

"आजी, त्याच्या अंगावर बुळबुळीत थर असतो ना, त्यातच जंतू अडकतात, धुऊन जातात. तो थर निघाला, कातडी खरचटली, की दार उघडं."

मी पदराने तोंड दाबलं. राखेचं घमेलं डोळ्यांपुढे आलं. ते दार मी घासून घासून उघडलं होतं, एकेका पिल्लाचं! किळस जंतूंची आली, पण त्यांचा तो धंदाच. खरी शिसारी आली त्या ताठ मानेच्या पोरीची, जिने स्वतःची घाण जाऊबाईंच्या दारात ओतली.

दुसऱ्या दिवशी तळ्यातला एक धडधाकट जिताडा घेऊन मी कुंपण ओलांडलं. जाऊबाई ओटीवर बसल्या होत्या. सुया, जंतू, राख, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"सुयांचं मना ठाव न्हाय," त्या म्हणाल्या. "पन राखंचं ठाव हाय. चकचकीत केलीस म्हनले ते काय कौतुक व्हतं? थांब म्हनून सांगनार, तवर तू वळून गेलीस. मग आलीस ती मिरच्या घेऊन."

"मग नंतर तरी सांगायचं!"

"तू आईकनार व्हतीस?"

मी नाही म्हणाले. खोटं किती दिवस बोलायचं?

त्यांनी माशाच्या पाठीवरून बोट फिरवलं, त्याची तार निघाली. "बुळबुळीत हाय. म्हंजे बरा व्हता," म्हणाल्या आणि ते बोट सावकाश, पूर्ण, माझ्या नव्या पातळाच्या पदराला पुसलं.

अंगावर शहारा आला. पदर मी मागे घेतला नाही.