सोमनाथ पीत नव्हता

आमचा सोमनाथ गेला त्याला दीड महिना झाला. लोकं भेटतात, हळहळतात, आन जाता जाता म्हणतात, माणूस चांगला व्हता पण दारूनं खाल्ला. म्हणून हे लिहिलंय. त्यानं उभ्या जल्मात थेंब चाखला नाय. आन मी पीत नाय हे त्याचं बोलणं सगळ्यात आधी जिनं खोटं ठरवलं ती परकी नव्हती, त्याची सख्खी मोठी बहीण सुलेखा व्हती. तिच्यापासूनच सांगावं लागतं.

भावंडं मूळ पिशोरची. बाप बन्सी. त्यानं चाळिशी ओलांडली आन चालताना झोकांड्या खायला लागला. हात आपोआप उडायचे, बोलणं जड झालं, जरा काय मनाविरुद्ध झालं की भरलं ताट फेकून द्यायचा. गावानं नाव ठिवलं, बेवडा. लेकरांनी बी तेच खरं धरलं. बाप मेला तशी आई दोघांना घेऊन औरंगाबादला आली.

सुलेखा एका वसतिगृहात भाकरी थापायची. दिवसाला दोनशे भाकरी, तरी आवाज खणखणीत. वस्तीतल्या विहाराच्या महिला मंडळाची ती अध्यक्ष. बापामुळं दारूचा लई राग. तिनं नेम काढला, जो पितो त्यानं रविवारी वंदनेला सगळ्यांपुढं उभं राहायचं आन पंचशील घ्यायचं. त्यातलं पाचवं, दारू न पिण्याचं, तीनदा म्हणायचं. लई घरं सुधरली त्यानं, खोटं कशाला बोलावं.

सोमनाथ वाळूजला कंपनीत प्रेस मशीनवर व्हता. पस्तिशीत त्याचे पाय वाकडे पडायला लागले. कंपनीच्या बसमधून उतरला की भिंतीला धरून यायचा. बायकोवर, तनुजावर, कधी हात उगारला नव्हता, आता मिठावरून भिंतीवर ताट आपटायचा आन मंग कोपऱ्यात बसून रडायचा. सुलेखानं बघितलं, आन तिला बापच दिसला.

त्या रविवारी ती विहारात सगळ्यांदेखत म्हणली, "सोम्या, उभा राहा."

"ताई, मी पीत नाय."

"तुझे पायच सांगायलेत."

बायका हसल्या. सोमनाथ उभा राहिला. पाचवं शील म्हणताना जीभ अडकली, तशी मागून एक बाई म्हणली, "आजची बी उतरली नाय वाटतं." असे चार रविवार ती त्याला उभं करीत राहिली. त्यानं बहिणीचा शब्द मोडला नाय.

कंपनीत तेच. गेटवर वॉचमन नळीत फुंकायला लावायचा. मशीन दाखवायचं शून्य. सुपरवायझर म्हणायचा, "मशीन बिघडलंय." एक दिवस सोमनाथनं रागात त्याच्यावर पाना फेकला. लागला नाय, पण नोकरी गेली.

मंग तनुजानं नणंदेला बजावलं, "तुमी शपथा पुरे करा. माझ्या नवऱ्याला मोठ्या डाक्टरकडं न्यायचंय, येता का नाय तेवढं सांगा."

डाक्टरीण बाई तरणी व्हती. तिनं सोमनाथला सरळ रेषेत चालायला लावलं, जीभ बाहेर धरायला लावली. मंग इचारलं, "वडील कशानं गेले?"

"दारूनं," सुलेखा म्हणली.

"पिताना तुम्ही कधी पाहिलंत?"

सुलेखा आठवत बसली. बाटली नाय, वास नाय, गुत्ता नाय. आयुष्यभर ज्याचा राग राग केला त्याला तिनं पिताना एकदा बी बघितलं नव्हतं.

रक्त बाहेरगावी धाडलं. महिन्यानं रिपोर्ट आला. हंटिंग्टन नावाचा आजार. डाक्टरीण बाईनं समजावलं, अंगात माणूस घडवायचं जे लिखाण असतं, जीन म्हणतात त्याला, त्यात एका जागी तीन अक्षरं पुन्हा पुन्हा जास्तीची छापली जातात. त्यानं मेंदू हळूहळू झिजतो. पाय, जीभ, हात तर जातातच, सोभाव बी बदलतो. ताट फेकणारा सोमनाथ नव्हता, तो आजार व्हता. औषधानं हातपाय जरा शांत राहतील, मुळातून जाणार नाय. आन आई-बापात एकाला असला तर हरेक लेकराला निम्मी शक्यता. येईल नायतर येणार नाय.

रिक्षात सुलेखा भावाला म्हणली, "सोम्या, माझं चुकलं."

"मंग रविवारी सांग सगळ्यांना."

"सांगते."

पण नाय सांगितलं. सोमनाथची लेक मोनाली, तिचं कसं व्हायचं? बापाला रक्तातला आजार हाय म्हणलं की लेकीकडं बोट जाणार. हा रविवार, पुढचा रविवार करता करता सहा वर्षं गेली. सोमनाथ खाटेला लागला. दर रविवारी बहीण घरी आली की तो नुसता तिच्याकडं बघायचा. शेवटी घास श्वासात जाऊन न्यूमोनिया झाला आन बेचाळिसाव्या वर्षी गेला.

पुण्यानुमोदनाच्या, म्हंजी गेलेल्याच्या नावानं ठिवलेल्या वंदनेच्या, आदल्या दिवशी विहाराचे साहेबराव घरी आले. जाणता माणूस, मोनालीला करमाडचं स्थळ त्यांनीच आणलेलं. उद्याच्या आदरांजलीत कोण कोण बोलणार ते ठरवायला बसले.

सुलेखा म्हणली, "मी बोलणार. आजाराचं सांगणार."

"अगं, दारूच राहू दी," साहेबराव म्हणले. "दारुड्याच्या लेकी नांदतात. रक्तातला रोग म्हणलं की पोरीच्या दारात कुणी उभं राहील का? मेलेल्याला काय फरक पडतो?"

"साहेबरावभाऊ, आपल्या आज्यानं धम्म कशापायी घेतला? जल्मावरून माणूस तोलू नये म्हणूनच ना? आन आपणच आता पोरीला जल्मावरून तोलायचं?"

"ते भाषणात ठीक हाय. करमाडवाल्यांना कोण समजावणार?"

मोनाली चहा घेऊन आली व्हती. एकोणीस वर्षांची पोर. कप ठिवला आन म्हणली, "काका, मला माझ्या पप्पांचं नाव विकून लग्न नाय करायचं. आत्या, तू सांग उद्या. नाय तर मी सांगते."

तनुजानं सोमनाथचा रिपोर्ट पत्र्याच्या पेटीतून काढून नणंदेच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. भन्तेजींची वंदना झाली. दोघं तिघं बोलले, सगळ्यांचं तेच, व्यसन सुटलं असतं तर. मंग सुलेखानं माईक घेतला.

"माझा भाऊ पीत नव्हता. मी त्याला चार रविवार तुमच्यापुढं उभं केलं. ती चूक माझी हाय, आन तुमच्यापुढंच केली म्हणून तुमच्यापुढंच सांगते. त्याला आजार व्हता. बापाकडून आला. बापानं काय पाप केलं नव्हतं, यानं बी नाय. ज्याला वाचायचा त्यानं हा रिपोर्ट वाचावा."

मांडवात कुजबुज झाली. करमाडची दोन माणसं उठून चपला शोधायला लागली. साहेबरावांनी मान खाली घातली. एक बाई बसल्या जागेवरून म्हणली, "मंग सुलेखाबाई, तुला बी असंल की."

"असंल. नसंल. मी तपासलं नाय. मोनालीला तपासायचं का नाय ते तीच ठरवील, तुमी नाय. पण मी उद्या रस्त्यात झोकांडी खाल्ली तर तोंडाचा वास घ्यायला येऊ नका. हात धरा आन घरी सोडा."

माईक ठिवून ती खाली बसली.

जेवणं चालू झाली तशी पिशोरची साळूबाई काठी टेकत तिच्यापाशी आली. ऐंशीच्या पुढची म्हातारी, बन्सीची चुलतबहीण.

"मंग बन्सी बी पीत नव्हता म्हणायचा?"

"नव्हता."

म्हातारी म्हणली, "आमी त्याला माझ्या पोरीच्या लग्नात पंगतीतून उठवला व्हता गं. चौघांनी धरून येशीबाहेर नेऊन टाकला. मीच म्हणले व्हते, ह्याला बाहेर काढा म्हणून."

सुलेखानं तिला खुर्ची दिली, पण माफ केलं असं म्हणली नाय.

"त्या चौघातलं कोण जितं हाय?" तिनं इचारलं.

"दोघं हायती."

"मंग पुढच्या ऐतवारी मी पिशोरला येते, आत्या. रिपोर्ट घेऊन येते. तुमी त्या दोघांना बोलवून ठिवा."