मान डोलावणाऱ्या बायकांच्या रेघा

मेंदूच्या लहरी म्हटलं की लोकांना काहीतरी गूढ वाटतं. मला आठवतात ते तेलकट केस. नव्वदच्या दशकात मी जपानात, त्सुकुबाला पीएच.डी. करत होते. ‘ल’ आणि ‘ळ’ यांतला फरक मराठी मेंदू कसा टिपतो आणि जपानी मेंदूला तो कळतो का, हा माझा विषय. डोक्याला इलेक्ट्रोड लावून घ्यायला मराठी माणसं हवी होती. पुरुष आपापल्या संस्थांत अडकलेले, म्हणून त्यांच्या बायका आल्या, सायकलींवरून. केस धुवून या, तेल लावू नका, असं मी बजावलं होतं. सगळ्यांनी केस धुतले, आणि चार लोकांत जायचं तर भुरभुरते केस बरे दिसत नाहीत म्हणून वरून थोडं तेलही लावलं. तेलावर इलेक्ट्रोड नीट धरत नाही. मग मी बेसिनपाशी एकेकीचं डोकं शाम्पूने धुतलं. आमच्या सेनपाईंनी, म्हणजे प्रयोगशाळेतल्या वरिष्ठ विद्यार्थ्याने, ते पाहिलं आणि अदबीने दार लावून घेतलं.

नोंदी झाल्यावर खरं काम सुरू झालं. यंत्र फक्त मेंदूचं ऐकत नाही. पापणी लवली, दात आवळले, मान हलली की आलेखावरची रेघ उसळते. विश्लेषणाआधी असे तुकडे कापून टाकावे लागतात. आमचा नियम साधा होता: रेघ ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की तुकडा बाद. जपानी विद्यार्थ्यांच्या रेघा शिस्तीत चालल्या होत्या. आमच्या बायकांच्या कानात ‘ला, ला, ला’ चालू असायचं, मध्येच ‘ळा’ यायचा आणि त्यांची मान डोलायची. कुणीतरी काही सांगतंय आणि आपण ढिम्म बसायचं, हे त्यांना जमेना.

सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, त्या रेघा पाहिल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “भारतीय नोंदी सोडून द्या. जपानी गटावरच प्रबंध पुरा करा.” तिथे इतक्या हळू आवाजात सांगितलेलं म्हणजे ठरलेलंच असतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्धा प्रबंध जाणार होता, आणि उरणार होता तो ज्यांना ‘ळ’ ऐकूच येत नाही त्यांचा.

एक मात्र मान्य होतं. मान डोलली तो तुकडा मेंदूचा नव्हे, मानेचा. तो जायलाच हवा. पण दोन डोलण्यांच्या मध्ये त्या बायका टक्क जाग्या होत्या, त्याचं काय? मी हट्टाने जपानी नोंदी पहिल्यापासून पाहायला घेतल्या. त्या सरळ होत्या, जरा जास्तच सरळ. मधूनमधून मिटल्या पापण्यांआड बुबुळं सावकाश फिरल्याची खूण होती. मंडळी झोपली होती. तिथली माणसं पाठ ताठ ठेवून बसल्याजागी झोपू शकतात, हे कुठल्याही ट्रेनमध्ये दिसतं. आणि झोपाळू रेघ मर्यादा ओलांडत नाही, म्हणून ती स्वच्छ ठरते.

आठवड्याच्या बैठकीत मोठ्यांनी आधी बोलायचं आणि माझ्यासारखीने शेवटी, त्यांचं पटल्यासारखं दाखवत, अशी पद्धत होती. मी सुरुवातीलाच कागद टेबलावर पसरले.

“सेन्सेई, हा माणूस झोपलाय. याच्या मेंदूला फरक कळत नाही, असं मी लिहायचं का?”

ती नोंद सेनपाईंची होती. मला ते ठाऊक होतं, तरी मी तीच निवडली. ते लालबुंद झाले. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

“नियम दोघांना एकच हवा,” मी म्हणाले. “हललेलं कापू, झोपलेलंही कापू. आणि कापणाऱ्याला नोंद कुणाची आहे ते कळता कामा नये.”

“मग दोन्हीकडे फार थोडं उरेल,” सेन्सेई म्हणाले. “पुन्हा नोंदी कराव्या लागतील. तुमचं वर्ष वाढेल.”

“वाढू दे.”

मग सेन्सेईंनी होकारार्थी मान हलवली. चांगली दोनदा हलवली.

पुण्याला फोन केला तेव्हा आई एवढंच म्हणाली, “अजून एक वर्ष?” ते मात्र लागलं.

नव्या नोंदींसाठी पहिल्या आल्या त्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी. मागच्या खेपेला सगळ्यांत जास्त मान यांचीच डोलली होती. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असावं. केस कोरडे ठणठणीत, हात मांडीवर घट्ट, मान खांबासारखी.

“या वेळी मुळीच हलणार नाही हं मी,” त्या म्हणाल्या. “माझ्यापायी तुझं वर्ष गेलं.”

मला राग आला, त्यांचा नाही.

“तुमच्यापायी काही गेलेलं नाही, वहिनी. खुशाल हला. हललं तेवढंच कापीन.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं ठेवणार.”

मी पलीकडच्या खोलीत जाऊन यंत्र सुरू केलं. पहिला ‘ळा’ आला आणि रेघ उसळली.