गव्हाच्या चिकानं चिकटवलेलं पुस्तक

शनिवारी दुपारी वाशिमात, आमच्या गच्चीवर, वानरांनी माझं पुस्तक खाल्लं. सगळं नाही... पण जेवढं खाल्लं तेवढं पुरेसं होतं.

पुस्तक हातानं केलेलं, एकाच प्रतीचं. आमच्या गल्लीत जे उगवतं, उडतं, सरपटतं ते त्यात होतं... कडुनिंबावरचा कोतवाल, कुंपणावरचा सरडा, नालीकाठचं तरोट्याचं झुडूप. चित्रं जलरंगातली, आणि जमेल तिथं खरी वाळलेली फुलं-पानं चिकटवलेली.

ते शेजारच्या सुमनताईंसाठी होतं. जन्मभर परसात वांगी, दोडके, वाल लावणारी ही बाई रविवारी कायमची पुण्याला निघणार होती, मुलाच्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तिथं त्यांना यातलं काहीच दिसणार नाही, हे माझ्या मनातून जात नव्हतं.

दिवसभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रुफं तपासायची आणि उरलेल्या वेळात हे... मान, मनगट, डोळे, सगळं बोलायला लागलं होतं. पण वेळेत काम देण्याची सवय काही जात नाही.

शनिवारी शेवटच्या कागदांवर फुलं-पानं चिकटवायला घेतली तर डिंक संपलेला. उन्हात बाजारात जायचं त्राण नव्हतं. ओट्यावर गव्हाचा शिजवलेला चीक होता. कुरड्या करताना सुमनताई वाटीभर मला देतातच. मी तोच लावला. छान बसला. कागद गच्चीवर वाळत टाकले आणि खाली येऊन आडवी झाले.

आमच्याकडे कुरड्या वाळत घातल्या की कोणीतरी काठी घेऊन राखणीला बसतं, कारण वानरांना तो वास लांबून कळतो. पण कागदांची राखण कोण करतं?

आरडाओरडा ऐकून वर गेले. सुमनताई त्यांच्या गच्चीवरून काठी आपटत होत्या, आणि एक वानर दोडक्याच्या वेलाचं चित्र चघळत बसलं होतं. अगदी निवांत.

"काय वाळू घातलं वं बाई हे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सगळं सांगितलं... पुस्तक, डिंक, चीक.

"म्या तुले चीक खायले देल्ला होता का चिटकवायले? अन् राखणीले कोन बसलं होतं?"

"कोणी नाही."

"मंग! त्यायले काय मालूम कागद हाये म्हनून? त्यायले वाटलं यंदा कुरडई चपटी केली बाईनं!"

हसत हसतच त्या आमच्या गच्चीवर आल्या. उरलेले कागद गोळा केले, एकेक मांडीवर ठेवून हातानं सरळ केले. दोडक्याचा वेल अर्धाच उरला होता, कडेला दातांच्या खुणा.

सकाळपर्यंत हे पान नवीन करून देते, असं मी म्हणाले खरी. पण हात उचलवत नव्हता.

"कायले? माह्या दोडक्याले या वानरायनं तोंड लावलं नाही, असं एक साल गेलं नाही. राहू दे तसंच."

मग ते अर्धं पान त्यांनी पुन्हा हातानं सरळ केलं. "पोरगा म्हन्ते, आई, इथं कुरड्या राखा लागत नाही. वरते कोनी येतच नाही..."

तोपर्यंत मला वाटत होतं, त्यांच्या जाण्याची काळजी एकट्या मलाच आहे.

संध्याकाळी त्यांनीच दाभणानं पानं शिवली, फाटक्या पानासकट. रविवारी सामान टेम्पोत गेलं, पुस्तक मात्र त्यांनी गाडीत मांडीवर घेतलं.

सगळं आयुष्य मी चूक दुरुस्त केल्याशिवाय मजकूर पुढं सोडला नाही. हा पहिलाच असा गेला... आणि कोणीतरी तो तसाच मागून नेला, याचं फार बरं वाटतंय.