रुमाल कोंबलेली घंटी

त्या वर्षी मी देवाशी अबोला धरला होता. सकाळी दिवा लावायचे, फूल मिळालं तर वाहायचे, पण घंटी वाजवायची नाही आणि मागायचं काहीच नाही. मागून मागून मी थकले होते. आमची सानिका, वय सोळा, शाळेत जायची बंद झाली होती. कोणी मारलं नव्हतं, कोणी चिडवलंही नव्हतं, निदान ती तसं कधी म्हणाली नाही. एका सकाळी गणवेश घालून, बूट चढवून ती दाराशी उभी राहिली, कडीवर हात ठेवला आणि तिला श्वासच घेता येईना. कान दोन्ही हातांनी झाकून ती तिथेच बुटांच्या कपाटापाशी खाली बसली. त्यानंतर महिने गेले, पण ते दार काही तिला शाळेसाठी उघडता आलं नाही.

जपानमध्ये अशी मुलं पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी एक शब्दसुद्धा आहे, हे मला शाळेतल्या बाईंनी फार मायेने सांगितलं. मला त्याने काडीचाही धीर आला नाही. नवऱ्याच्या कंपनीने आम्हाला ओसाकाला पाठवलं तेव्हा ही तीन वर्षांची होती. ती इथेच वाढली, मी मराठीत विचारलं की जपानीत उत्तर द्यायची, आणि त्यावरून मी तिला लटकं रागवायचेही. आता ती कुठल्याच भाषेत फारसं बोलत नव्हती. मी तिच्या खोलीच्या दाराबाहेर ताट ठेवायचे आणि देव्हाऱ्यातल्या दत्त महाराजांकडे पाठ करून पोळ्या लाटायचे. आमच्या माहेरी दत्ताची उपासना. लहानपणापासून ऐकत आले होते की तो डोंगरादऱ्यांत हिंडतो, कोणत्याही रूपात दारी येतो. मग आमचं दार तेवढं त्याला कसं सापडत नाही, असा माझा रोखठोक सवाल होता.

एकच गोष्ट तिची सुटली नव्हती. डोंगर. शाळेत असताना ती गिर्यारोहणाच्या क्लबात होती, आणि डोंगरवाटांवर पळायला तिला मनापासून आवडायचं. शाळा सुटली तसा क्लबही सुटला, पण कधीतरी रविवारी पहाटे ती आपणहून बूट बांधायची. तिला एकटीला सोडायची माझी छाती नव्हती. नवऱ्याचे गुडघे पार कामातून गेलेले. तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेली, आयुष्यात कधी बससाठीसुद्धा न धावलेली मी पळायचे बूट घेऊन आले. चढावर मी चालायचे, सपाटीला दुडक्या चालीने पळायचे आणि उतारावर देवाचं नाव घ्यायचे, म्हणजे घेतलं असतं, अबोला नसता तर. सानिका पुढे हरणासारखी जायची आणि वळणावर थांबायची. बोलायची नाही, पण थांबायची. मला तेवढं थांबणंही पुरत होतं.

त्या शरदात अस्वलांच्या बातम्या रोज येत होत्या. इथे डोंगरात जाताना पिशवीला छोटी घंटा बांधतात, म्हणजे अस्वलाला माणसाची चाहूल लागते आणि ते वाटेतून बाजूला होतं. आमची ती घंटा मागच्या खेपेला कुठेतरी पडली होती, आणि हे लक्षात आलं ते पहाटे निघताना. दुकानं बंद. सानिका खांदे पाडून परत खोलीकडे वळली. ती एकदा आत गेली की पुढचे आठ दिवस बाहेर यायची नाही, हे मला ठाऊक होतं. काय सुचलं कोण जाणे, मी देव्हाऱ्यातली पितळी घंटी उचलली आणि परकराच्या नाड्याने माझ्या पिशवीला बांधली. माझ्या आईने लग्नात दिलेली ती घंटी. सानिका डोळे विस्फारून बघत राहिली.

"आई, सीरियसली?" तिने जपानीतच विचारलं.

"अस्वलाला काय कळतंय पूजेची आहे ते," मी म्हटलं. तिच्या ओठाचा कोपरा हलला. त्या हसण्यासाठी मी अख्खा देव्हारा पाठीवर घेतला असता.

गाडीत मात्र पंचाईत झाली. इथे डब्यात कुणी फोनवरही बोलत नाही, आणि माझ्या पाठीवर साग्रसंगीत आरती चालू. समोरच्या आजोबांनी डोळे उघडले, दोन मुलींनी माना वळवल्या. सानिका लाजून लाल झाली. मी घाईघाईने हातरुमाल काढला आणि घंटीत कोंबला, अगदी लोलक हलणार नाही इतका घट्ट. डोंगराच्या पायथ्याशी तो काढला, पण पळताना ती घंटी इतकी खणखणायला लागली की सानिका थांबली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "आई, प्लीज. डोकं दुखतं." मी रुमाल पुन्हा कोंबला. आज ती हसली होती, तो दिवस मला नासवायचा नव्हता. अस्वल आलं तर बघू.

डोंगराच्या धारेवर पोहोचलो तोवर ऊन होतं. जेवणाच्या सुमाराला स्टेशनाजवळच्या चोवीस तास उघड्या दुकानातून आणलेल्या ओनिगिरी, म्हणजे भाताच्या मुदी, खाल्ल्या आणि उतरायला लागलो, तसं खालून धुकं चढत आलं. बघता बघता समोरची झाडं पुसली गेली. अशा वेळी इथली माणसं वाटेवरच्या झाडांना बांधलेल्या गुलाबी फिती बघत चालतात. आम्हीही तेच केलं. एक फीत दिसली, मग दुसरी, मग तिसरी. देवदारासारख्या सीडरच्या गर्द लागवडीतून आम्ही उतरत राहिलो. वाट पायाखाली भुसभुशीत होत गेली, तरी फिती दिसत होत्या म्हणून मी निर्धास्त होते. आणि मग फिती संपल्या. समोर नुसता उभा उतार, खाली कुठेतरी पाण्याचा आवाज. परत फिरायला मी वळले, ओल्या मुळावर पाय सरकला आणि घोटा असा मुरगळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

फोनला रेंज नव्हती. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. अंगावर घाम गार पडायला लागला होता, आणि या दिवसांत इथे लवकर अंधारतं. मी सानिकाला हाक मारली. ती माझ्याकडे बघत होती, पण तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मग तिने कान दोन्ही हातांनी झाकले आणि पालापाचोळ्यात खाली बसली. अगदी त्या सकाळसारखी.

मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती तेव्हा. थंडीची नाही, अस्वलाचीही नाही. वाटलं, हा एक डोंगर तिचा उरला होता, तोही आज हिच्या हातून गेला. इथून उतरलो तरी ही पुन्हा कधी घराबाहेर पडायची नाही. मी सरपटत तिच्याजवळ गेले, पाठीवर हात ठेवला, ती शहारली. महिनोन् महिने समजावण्याचे सगळे शब्द वापरून संपले होते.

मग मला रागच आला, आणि रडूही. पिशवी पुढे ओढली, घंटीतला रुमाल उपसून काढला आणि वाजवायला लागले. मदत येईल असा विचार करून नव्हे, हे मी प्रामाणिकपणे सांगते. इतक्या महिन्यांचा अबोला होता, तो असा ओरडून फुटला. मी मनात म्हणत होते, मला काही कळत नाही, माझ्याने काही होत नाही, आता तूच बघ. हाताला आरतीची लय ठाऊक होती, तीच वाजत राहिली.

बराच वेळ गेला असेल. हात भरून आला म्हणून थांबले, आणि वरून, धुक्यातून, शंख वाजला.

लांबलचक, घोगरा, शेवटी वर चढत जाणारा आवाज. वाटलं, आपल्याला भास होतोय. पण सानिकाने कानांवरचे हात काढले होते.

"आई, ऐकलंस?"

मी पुन्हा घंटी वाजवली. पुन्हा शंख. या वेळी किंचित जवळून. सानिका उठली, माझ्या हातातून घंटी घेतली आणि दोन्ही हातांनी वाजवायला लागली. मध्येच थांबून ती जपानीत ओरडली, "इथे आहोत! आई पडली आहे!" तिचा असा मोकळा आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते. खणखणीत होता, त्या घंटीसारखाच.

झाडांमधून एक बाई उतरत आल्या. पांढरे कपडे, हातात काठी, गळ्यात दोरीने अडकवलेला मोठा शंख. सत्तरीच्या असाव्यात. इकडे डोंगरालाच देव मानून, मंत्र म्हणत, कडे चढत तप करणाऱ्यांची एक जुनी परंपरा आहे, घरसंसार सांभाळून काही माणसं आजही ती पाळतात. या आजी त्यांतल्या. त्यांच्या बरोबरची मंडळी धारेवर विसावली होती तिथून त्यांनी आमचा आवाज ऐकला. त्यांनी माझा घोटा फडक्याने घट्ट बांधला, दोघींच्या हातावर खारवलेलं प्लम ठेवलं आणि फितींकडे बोट दाखवून सानिकाला त्यांच्या गावाकडच्या बोलीत काहीतरी सांगितलं. सानिकाने मला सांगितलं की या वाटेच्या फितीच नव्हेत, लाकूडतोड्यांनी तोडायच्या झाडांना बांधलेल्या आहेत.

मग आजींनी घंटी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, कपाळाला लावली. त्या जे बोलल्या ते मी सानिकाकडून दोनदा विचारून घेतलं, कारण मला ते विसरायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, "अस्वलाची घंटा असती तर मी आले नसते. ती सगळ्यांकडेच असते, दिवसभर कुठे ना कुठे वाजत असते, तिच्या मागे कोण जातं? ही प्रार्थनेची घंटा होती. मला वाटलं, आमच्यातलंच कुणीतरी चुकलंय."

मी लंगडत उठून उभी राहिले. हात जोडले, एवढंच.

वर चढायला वेळ लागला. माझा एक हात आजींच्या खांद्यावर, एक काठीवर. आजींनी सानिकाला पुढे घातलं आणि सांगितलं, "तू वाजवत चल. आईला आवाजामागून येता येईल." चालता चालता त्यांनी अगदी सहज विचारलं, कितवीत आहेस. हाच प्रश्न आला की ती मिटून जायची.

"शाळेत जात नाही मी," सानिका म्हणाली. मागे वळली नाही, पण घंटीही थांबली नाही.

"असं होय," आजी म्हणाल्या. "मग डोंगरात येतेस. छान."

बस्स, तेवढंच. मी इतके महिने जे हजार शब्दांत म्हणू शकले नव्हते ते. धारेवर त्यांची मंडळी वाट बघत होती. एकाने मला पाठुंगळी घ्यायची तयारी दाखवली, पण मी मानलं नाही. त्यांच्याबरोबर आम्ही उतरलो. पुढचा एक जण मंत्र म्हणायचा, मागचे सगळे तोच परत म्हणायचे. अर्थ मी नंतर विचारला: डोळे, कान, सगळी इंद्रियं आणि मन निर्मळ होवोत. सानिका त्यांच्यात मिसळून मोठमोठ्याने म्हणत होती आणि धुक्यात तिच्या आवाजामागून मी लंगडत चालले होते. पायथ्याशी आजींनी निरोप घेतला. नाव विचारायचं भान आम्हा दोघींनाही राहिलं नाही.

त्या आजी कोण होत्या, असं घरी फोनवर सांगताना मला सगळ्यांनी विचारलं. माझी आई तर लगेच म्हणाली, महाराजच गं ते. मी वाद घातला नाही, होही म्हटलं नाही. एक पांढऱ्या कपड्यांतल्या, खारवलेले प्लम पिशवीत ठेवणाऱ्या आजी होत्या, आणि त्या आल्या. मला एवढं समजलं की अबोल्याआधी मी देवाला रोज वाट आखून देत होते. अमुक दिवशी ही शाळेत जाऊ दे, अमुक परीक्षेला बसू दे. त्या सगळ्या माझ्या फिती होत्या, मीच बांधलेल्या. त्या संपल्या तेव्हा कुठे माझ्या तोंडून खरी हाक निघाली.

सानिका जुन्या शाळेत परत गेली नाही. घरून शिकून आठवड्यातून एखाद-दोनदाच जायचं, अशी एक शाळा तिने स्वतः शोधली. पहिल्या दिवशी ती बूट घालून दाराशी उभी राहिली. कडीवर हात गेला आणि तिथेच थांबला. तिचा श्वास मला स्वयंपाकघरातून ऐकू येत होता. पूर्वी मी धावत गेले असते, पाठ चोळली असती, चार गोष्टी सांगितल्या असत्या. या वेळी कणकेचे हात पुसले, देव्हाऱ्यापुढे बसले आणि घंटी वाजवायला घेतली. डोळे मिटले होते, म्हणून तिच्याकडे बघायचा मोह टाळता आला. डोंगरात वाजवली तीच लय, आरतीची. ती गेली तर तुझी, राहिली तरी तुझीच, असं मी महाराजांना म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते मनापासून होतं.

दार उघडल्याचा आवाज आला.

"आई, येते गं," सानिका म्हणाली. चक्क मराठीत.

मी "ये हं" म्हटलं, आणि ती जिना उतरून जाईपर्यंत घंटी वाजवत राहिले.