रफीकचं कुलूप

रफीकच्या बहिणीचा, नसीमचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. "गजूभाई, भाईजान गेले," एवढंच ती बोलली. रफीकला कावीळ झाली होती. तीन आठवडे तो आजारी होता, शेवटचे चार दिवस यवतमाळच्या दवाखान्यात. यातलं काही मला ठाऊक नव्हतं. माझा समज असा, की स्वारी माझ्यावर रुसली आहे. आज दीड महिन्यानंतर हे लिहितानाही स्वतःची लाज वाटते.

आम्ही दोघं पॉलिटेक्निकचे सोबती. मी दिग्रसजवळच्या खेड्यातला, घरी कापूस आणि तूर. तो दिग्रसचाच, त्याचे अब्बा कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर. मी नोकरीसाठी पुण्याला पळालो, तो अब्बांच्या हाताखाली राहिला. त्या वर्षांत कापसाचे असे हाल होते, की दिवाळीनंतर सुरू झालेलं जिनिंग संक्रांत सरता सरता थंड पडायचं. मग उरलेले महिने रफीक घराच्या माडीवर, एका जुन्या कॉम्प्युटरसमोर. तिथे बसून त्याने 'नंबर' नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. एकाच प्रोग्रॅममधली अनेक कामं एका वेळी चालली की ती एकमेकांच्या पायात पाय घालतात. दोघं एकाच फाइलवर लिहायला जातात आणि दोघांचंही वाटोळं होतं. आम्ही ज्या स्क्रिप्टिंगच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचो, ती शिकायला सोपी, पण या बाबतीत ढिसाळ. 'नंबर' कामांना रांगेत उभं करायचं आणि ज्याची वेळ आली त्याच्या हाती कुलपाची किल्ली द्यायचं. सगळं मुक्त, कुणीही फुकट घ्यावं, उघडून पाहावं, दुरुस्ती सुचवावी. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं त्याला लिहायची, आणि हा मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण हटकून त्याच दिवशी, उत्तर द्यायचा. आलेल्या दुरुस्त्या तपासायचं काम माझ्याकडे होतं.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. किल्ली घेतलेलं काम मध्येच बंद पडलं, तर मागची रांग तशीच ताटकळत राहायची. लोक तक्रारी करायचे. मी म्हणायचो, वेळेची मर्यादा घाल, तीस सेकंदांत किल्ली परत आली नाही तर पुढच्याला दे. गेल्या दिवाळीत त्याच्या माडीवर याच मुद्द्यावर पुन्हा जुंपली.

"अबे, किल्लीवाला मेला तं बाकीच्यायनं काय जलमभर थांबाचं?" मी म्हणालो.

"थांबाचं. जाऊन पाहाचं, खरंच मेला का त्याचा हात आत हाय."

तो असं का म्हणतो ते मला माहीत होतं. कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यात हात घालायचा, तर फिटर आधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकतो, आणि मग तो त्यानेच परत लावायचा, ही जिनिंगमधली रीत. एकदा चाचा, म्हणजे रफीकचे अब्बा, रेच्यात वाकलेले होते. फार वेळ झाला, चहाला गेले असतील, असं समजून कुणीतरी दुसरा फ्यूज आणून लावला. चाचांची दोन बोटं गेली. हे सगळं माहीत असूनही मी बोलून बसलो, "चाचाच्या बोटायचा अन् तुह्या प्रोग्रॅमचा काय संबंध?" नसीमला हाक मारून त्याने माझ्यासाठी चहा सांगितला.

पुण्याला परतल्यावर मी माझी दुरुस्ती लिहून पाठवली. उत्तर नाही. आठवडा गेला, दुसरा गेला... मग मी 'नंबर'ची वेगळी प्रत काढली, तिच्यात माझी मर्यादा घातली आणि सगळ्यांना कळवून टाकलं, की मूळ लेखकाकडून प्रतिसाद नाही, यापुढे ही वापरा. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हे चालतं, त्यात चोरी नाही. पण फोन उचलून "काहून बे, काय झालं?" एवढं विचारायला माझा हात कुणी धरला नव्हता.

गेल्या आठवड्यात दिग्रसला गेलो. चाचा ओसरीवर बसले होते, त्यांनी नुसता माझा हात हातात घेतला. नसीमने माडी उघडून दिली. "पंधरा दिवस अंथरुणातून डोकं वर नाही केलं भाईजाननं," ती म्हणाली. "मंग एक दिवस म्हणते, मले वर नेऊन बसव. दुपारभर याच्यासमोर बसून राह्यले होते."

मी कॉम्प्युटर सुरू केला. त्या दुपारी त्याने लिहिलेला भाग अजून कुठेच पाठवलेला नव्हता. तीस सेकंदांची मर्यादा त्याने घेतली होती, माझीच. पण वेळ संपली म्हणून किल्ली पुढच्याला जात नव्हती. आधी किल्लीवाल्याची चौकशी व्हायची. तो जिवंत असेल तर रांगेने आणखी थांबायचं, खरंच गेला असेल तरच किल्ली पुढे. मी दोनदा वाचलं, कुठेही चूक नव्हती. खाली त्याची टीप होती, "गज्या तपासेल." शेजारी तारीख होती. मी माझी प्रत जाहीर केली, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.