काहीही न विकणारं ऑफिस

यांना बंगलोरच्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही पुणं सोडलं. साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. पुण्यात मी एका वकिलांकडे टायपिंग आणि शॉर्टहँड करत होते. बंगलोरला नुसतं घरात बसून जीव विटला. तेवढ्यात युरोपातल्या एका बेअरिंग बनवणाऱ्या कंपनीची जाहिरात दिसली. त्यांना बंगलोरला ऑफिस उघडायचं होतं आणि त्यासाठी एक इंजिनिअर व एक टायपिस्ट हवी होती. टायपिस्ट म्हणून मला घेतलं. इंजिनिअरसाहेबांना मात्र रुजू होण्याआधीच दुसरीकडे बरी नोकरी मिळाली आणि ते गेले ते गेलेच.

कंपनीचं पत्र आलं की दिवाळीनंतर नवा माणूस पाठवू, तोवर तुम्ही जागा बघून ऑफिस सुरू करून ठेवा. म्हणजे चूल मी मांडायची, धुरात डोळे मी चोळायचे आणि पाटावर दुसऱ्याने येऊन बसायचं. स्वभाव माझा पहिल्यापासून तापट. नवा माणूस निघायच्या आत ती खुर्ची आपली झाली पाहिजे, असं मी त्याच दिवशी ठरवलं आणि पदर खोचून कामाला लागले.

ऑफिस होतं मोठं विचित्र. सरकारी परवानगीत स्पष्ट लिहिलं होतं की इथे विक्री करायची नाही, ऑर्डर घ्यायची नाही आणि दलाली तर नाहीच नाही. कारखान्यांनी शंका विचारायच्या, आम्ही कंपनीकडून खरी माहिती मिळवून द्यायची. माल हवा असेल त्याने परस्पर परदेशात लिहावं. भाड्याचे पैसेसुद्धा तिकडूनच यायचे. इथे कुणाकडून रुपया जरी घेतला तरी परवानगी रद्द. हे मला चिडवायचे, ‘छान आहे, गिऱ्हाईक दिसलं की दार लावून घ्यायचं.’ पण कोणतं बेअरिंग कशाला बसतं, कोणतं का तापतं, हे मला शिकवलंही त्यांनीच. पोळ्या लाटता लाटता मी धडा म्हणून दाखवायची, आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

घोडं अडलं ते जागेपाशी. घरमालक विचारायचे, काय विकता? मी म्हणायची, काही नाही. की लगेच कपाळाला आठ्या. काही न विकता भाडं भरणारी बाई म्हणजे नक्की काहीतरी लबाडी. एकाने तर चिट फंड काढताय का, असं तोंडावर विचारलं. चपला झिजवल्यावर शेवटी चिकपेटेत एका कापडदुकानावरच्या दोन खोल्या मिळाल्या. दुकान घरमालकांचंच. ते पिढ्यान्‌पिढ्या बंगलोरात मुरलेले मराठी, बोलण्यात निम्मं कानडी. ते मला अक्का म्हणत, मी त्यांना अण्णा. आपल्या भाषेची बाई म्हणून त्यांनी फार खोदून विचारलं नाही. साहेब मागाहून येईल, असं ते आपलं धरून चालले होते.

उद्घाटनाला मी दोन-तीन कारखान्यांतले इंजिनिअर बोलावले होते. टेबलावर काचेच्या पेटीत नमुन्याची बेअरिंगं मांडली होती. अण्णा जरीचा रुमाल बांधून, नारळ आणि विड्याची पानं घेऊन वर आले. पूजा झाली, आणि नारळ फोडायच्या आधी त्यांनी चांदीचा एक रुपया माझ्यापुढे धरला. आपण पहिल्या विक्रीला भवानी म्हणतो, तिथे बोणी म्हणतात. पेटीतलं सगळ्यांत लहान बेअरिंग ते बोणीचं म्हणून मागत होते.

मी हात मागे घेतला. इथे विक्री होत नाही, असं सांगितलं. त्यांना वाटलं, मी भिडेपोटी नको म्हणतेय; रुपया आणखी पुढे आला. मी पुन्हा नाही म्हटलं, तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

‘अक्का, स्वल्प ऐका. बोणी झाल्याबगर वरती उघडलं तर खाली माझं दुकान बसतंय. रुपया घेत नसाल तर जागा सोडा.’

हे माझ्या कानाशी पुटपुटले की घेऊन टाक, कोण बघतंय. मला यांचा असा संताप आला की काय सांगू. रुपया घ्यावा तर चार लोकांदेखत परवानगीवर पाणी पडणार. न घ्यावा तर जागा जाणार, आणि जागा गेली की मी पुन्हा नुसती टायपिस्ट. डोळे भरून येत होते, ते मी भरू दिले नाहीत.

‘अण्णा,’ मी म्हटलं, ‘इथे माल मिळत नाही, उत्तर मिळतं. बोणी करायचीच असेल तर प्रश्न विचारा. पहिला मान तुमचा.’

अण्णा विचारात पडले. ते बेअरिंगबद्दल काही विचारतील म्हणून मी मनात सगळे प्रकार घोकत होते. त्यांची नजर खोलीभर फिरली आणि मोठ्या टेबलामागच्या रिकाम्या खुर्चीवर थांबली.

‘मग एवढं सांगा. इथला साहेब कोण?’

इंजिनिअर मंडळी माझ्याकडे बघायला लागली. साहेब अजून यायचाय, हे मला पक्कं ठाऊक होतं.

‘मी,’ असं म्हणून मी त्या खुर्चीत जाऊन बसले.

अण्णा ‘सरी’, म्हणजे ठीक, म्हणाले, रुपया खिशात टाकला आणि नारळ फोडला.

पाहुणे गेल्यावर मात्र मी त्या खुर्चीतून चटकन उठले. खरी माहिती देणं हेच ज्या ऑफिसचं काम, तिथे पहिलंच उत्तर मी ठोकून दिलं होतं. हे म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प राहा. गप्प राहणं मला कधी जमलेलं नाही. दुसऱ्या दिवशी टाइपरायटरपुढे बसून मी कंपनीला सगळं कळवलं: बोणी म्हणजे काय, रुपया का घेतला नाही, कोणता प्रश्न आला आणि मी काय सांगितलं. शेवटी लिहिलं की उत्तर चुकीचं असल्यास घरमालकांना आणि सर्व कारखान्यांना तसं कळवणं माझं कर्तव्य ठरेल, तरी कृपया खात्री करून सांगावं.

उद्धट बाई म्हणून घरी बसवतील, असं यांना वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. तोवर कारखान्यांचे प्रश्न येत राहिले आणि मी त्याच खुर्चीत बसून उत्तरं पाठवत राहिले.

दिवाळीच्या तोंडावर जबाब आला. नव्या माणसाचा त्यात उल्लेखही नव्हता. दोनच ओळी होत्या: आपण दिलेली माहिती आम्ही तपासून पाहिली. ती बरोबर आहे.

मी टेबलावर डोकं टेकलं आणि पोटभर रडले.