बटाटा कुठल्या बुट्टीत

रचना घाडीबाईंशी वाद घालायचा नाही, असं निपाणी भागातल्या बऱ्याच हेडमास्तरांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. त्याचा काही उपयोग होत नसे, कारण वाद बाईच काढत. मीटिंगमध्ये चहा येण्याआधी एक आणि कप उचलून नेल्यावर एक. अंगानं किरकोळ, उंची बेताची, पण बोलायला उभ्या राहिल्या की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा गप्प बसत. स्कूटीच्या मागं कायम एक पिशवी बांधलेली. तिच्यात चमचे, वाट्या, घंटी, लाकडी ठोकळे आणि एक जुनी चप्पल. नवख्याला वाटावं, बाई भंगार गोळा करत फिरतात.

बाई मूळच्या खानापूरकडच्या, भाताच्या गावातल्या. लग्न होऊन निपाणीला आल्या आणि विशेष शिक्षणाचा कोर्स करून कामाला लागल्या. "शहाण्या पोरांच्या शाळेत जागा न्हाय काय तुला?" असं सासूबाईंनी विचारलं. बाई म्हणाल्या, "शहाण्यांना शिकवायला कुणीबी जातंय, आत्याबाई." त्यानंतर घरात तो विषय परत निघाला नाही.

बाईंची मुलं म्हणजे अशी, की ज्यांची समज फारच कमी. कुणाला बोलता येत नाही, कुणाला स्वतःच्या हातानं जेवता येत नाही. ही मुलं गावच्या शाळेतच इतरांबरोबर बसतात आणि बाई गावोगाव फिरून त्यांना शिकवतात. वर्षाच्या शेवटी सगळ्यांची परीक्षा असते तशी यांचीही असते, फक्त वेगळी. तिला पर्यायी परीक्षा म्हणतात. पेपर नाही, पेन नाही. नाव घेतलं की मूल मान वळवतं का? दोन वस्तू पुढं धरल्या तर हवी ती दाखवतं का? लोकांना याचं हसू येतं. "ही कसली परीक्षा?" म्हणतात. हे ऐकलं की घाडीबाईंचं पित्त खवळे. कधीच मान न वळवणारं लेकरू एक दिवस आपलं नाव ऐकून वळून बघतं, त्यामागं काय कष्ट असतात ते हसणाऱ्यानं एकदा मांडी घालून बसून बघावं, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते अगदी खरं होतं.

पण हसणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त राग यायचा तो मदत करणाऱ्यांचा. मुलाचा हात आपल्या हातात धरायचा, तो हात बरोबर वस्तूवर नेऊन ठेवायचा, आणि "जमलं हं!" म्हणून मार्क द्यायचे. सगळे खूश. मूल पास, मास्तर पास, शाळेचं नाव चांगलं. घाडीबाई परीक्षेच्या वेळी मुलाच्या हाताला बोटसुद्धा लावत नसत. "मी हात धरला तर परीक्षा कुणाची झाली? माझी. मी कवाच पास झालीया," म्हणत. त्यामुळं त्यांच्या मुलांचे मार्क कायम कमी, आणि मीटिंगमध्ये बोलणी कायम जास्त.

यंदा मात्र गोष्ट बोलण्यावर राहणार नव्हती. ज्या मुलांना या परीक्षेत काहीच जमत नाही त्यांना वर्गातून कमी करून घरीच शिकवायचं, असा वरून निरोप आला. आठवड्यातून एकदा बाईंनी घरी जायचं. ऐकायला किती चांगलं! घरी म्हणजे काय हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. घरी म्हणजे सोप्यातला एक कोपरा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्याच्याकडं बघून सोडलेला सुस्कारा.

ब्राह्मी मगदूम आधी तशाच कोपऱ्यात बसलेली असायची. वडील जिनदत्त ऊस करायचे, आई दिवसभर रानात आणि गोठ्यात, आणि पोरीपाशी तिची आजी अक्काताई. बाईंनी महिनोन् महिने घरी खेटे घालून तिला शाळेत आणली. आता ब्राह्मी पाचवीत होती. वाचणं-लिहिणं सोडा, शाळेत तिच्या तोंडून एक शब्द कुणी ऐकला नव्हता. पण प्रार्थनेला ती रांगेत उभी राहायची, मैत्रिणी पाणी प्यायला उठल्या की तीही उठायची, आणि रविवारी दप्तर घेऊन दारात उभी राहून अक्काताईंचा जीव काढायची. तिची शाळा बंद झाली तर ही पोरगी पुन्हा त्या कोपऱ्यात जाणार होती, आणि या वेळी कुणाच्या खेट्यांनी बाहेर येणार नव्हती.

परीक्षा घ्यायला तालुक्याहून नागेंद्र सर आले. कन्नड माणूस, पण मराठी चांगलं बोलायचे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बाईंना सोपं गेलं असतं. त्यांनी बूट बाहेर काढले, सतरंजीवर बसले, ब्राह्मीला हसून हाक मारली. नेमका त्याच वेळी उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून रस्त्यानं गेला आणि ब्राह्मीनं मान वळवली ती ट्रॅक्टरकडं. पुढं चित्रं दाखवली, तर ती पंख्याकडं बघत बसली. नागेंद्र सर नुसते लिहीत गेले.

हेडमास्तर मारुतीराव बाईंच्या कानाशी वाकले. "बाई, जरा हात लावा की. सर तिकडं बघत्यात तंवर."

"न्हाय."

"अवो, पोरीचं नुकसान होतंय."

"हात लावला की मग पोरगीच न्हाय, नुसता माझा हात शाळेत राहतोय. बसा तुमी."

शेवटचा प्रश्न राहिला. त्यावर सगळं होतं, आणि त्यात एक वस्तू चुकली तरी सगळा प्रश्न चूक. दोन बुट्ट्या, म्हणजे टोपल्या, मांडल्या. मध्ये वस्तूंचा ढीग: भाकरीचा तुकडा, केळं, गुळाचा खडा, बटाटा, कांदा, साबण, दगड, खडू. खायचं ते एका बुट्टीत, न खायचं ते दुसरीत. बाईंनी हे वर्षभर ब्राह्मीकडून करवून घेतलं होतं, मात्र त्यांच्या पिशवीत बटाटा आणि कांदा नव्हते. ते सरांनी आणले होते.

ब्राह्मी बराच वेळ डुलत राहिली. मग तिनं केळं उचललं आणि खायच्या बुट्टीत टाकलं. भाकरी, तीही तिथंच. गूळ उचलला, चाटला आणि तिथंच. दगड दुसऱ्या बुट्टीत. साबण दुसऱ्या बुट्टीत. ब्राह्मीनं बटाटा घेतला, त्याच्याकडं क्षणभर बघितलं आणि दिला साबणाशेजारी ठेवून. कांदाही तिकडंच. मग खडू.

"अरेरे," मारुतीराव म्हणाले. नागेंद्र सरांनी लिहायला पेन टेकवलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. दोन चुका. गेली पोरगी.

आणि नातीला घेऊन येऊन दारात बसलेल्या अक्काताई मोठ्यांदा हसल्या.

"बरूबर की वं बाई! लेकीनं एकदम बरूबर ठेवलं!"

"आज्जी, बटाटा खायचा असतोय," मारुतीराव वैतागले.

"तुमच्यात असंल. आमच्यात कंदमूळ उंबऱ्याच्या आत येत न्हाय. ह्या पोरीनं जल्मात बटाटा खाल्ला न्हाय, कांदा खाल्ला न्हाय. ती कशाला त्यो केळ्यासंगं ठेवंल?"

गावात जैनांची घरं बरीच. त्यातल्या निम्म्या घरांत आता सगळं चालायचं, पण अक्काताईंच्या स्वयंपाकघरात जमिनीखाली पिकलेलं काही शिजत नसे. ब्राह्मीनं कधी शेजारणीकडून आलेल्या डब्यात हात घातला तर आजी तो मागं ओढायची. कुणी तिला समजावून सांगितलं नव्हतं, कारण तिला समजतं असं कुणाला वाटतच नव्हतं. आणि ती मात्र मुकाट्यानं सगळं बघून, मनात धरून बसली होती.

घाडीबाईंना हसू आलं, मग रडू आलं, आणि मग जे नेहमी यायचं ते आलं. त्या उठून उभ्या राहिल्या.

"सर, बरोबर लिहा."

नागेंद्र सर अडचणीत पडले. "बाई, उत्तर तर छापील आहे. बटाटा खायचा पदार्थ. पण घरचा रिवाज आहे म्हणता, तर सवलत म्हणून मार्क देतो. शेरा लिहितो तसा. यंदा मुलगी वर्गात राहील." त्यांनी 'सवलत' असं लिहिलंही.

मारुतीरावांनी सुटकेचा श्वास टाकला. "झालं की मग! सरांचे उपकार झाले."

"सवलत नको," बाई म्हणाल्या.

अक्काताईंचं हसू मावळलं.

"बाई, आता आणि काय?" मारुतीराव जवळजवळ रडकुंडीला आले.

"तिनं मागितलीया काय सवलत? तिनं उत्तर दिलंया. चूक असंल तर चूक लिहा, मी पोरीला घरला सोडून येते. पण बरोबर असंल तर बरोबर लिहा. दयेचं काय बी लिहू नका. आज दया केली तर फुडच्या वर्षी दुसरं कोणतरी येतंय, त्यास्नी दया यायची न्हाय. मग?"

नागेंद्र सरांचा चेहरा उतरला. आपण चांगलं करायला जावं आणि समोरच्यानं ते झिडकारावं, हे कुणालाही लागतंच. "ठीक आहे," ते जरा कोरडेपणानं म्हणाले. "मग मला खात्री पाहिजे. तिनं समजून ठेवलं की सहज हाताला आलं तसं ठेवलं, हे मला कसं कळणार?"

हा प्रश्न खोटा नव्हता, आणि बाईंना तो नाकारता येईना. त्यांच्या स्वतःच्या पोटात तोच प्रश्न होता. ब्राह्मी दमली होती. दमली की ती काहीच करत नसे, नुसती भिंतीकडं बघून डुलायची. हातची सवलत आपण लाथाडली, आता ही पोरगी डुलतच राहिली तर अक्काताईंना काय तोंड दाखवायचं? तरी त्या म्हणाल्या, "बघा तपासून. आज्जी, तुमी भायेर बसा. ती तुमच्या तोंडाकडं बघून काय करायला नको."

अक्काताई बाहेर गेल्या. बाईंनी पदर आवळून घेतला आणि मागं सरकून भिंतीला पाठ लावली.

नागेंद्र सरांनी साबणाजवळचा बटाटा उचलला आणि केळ्यापाशी ठेवला. ब्राह्मी डुलत होती. बाहेर पाचवीचे पाढे चालले होते. मारुतीरावांनी खाकरून घसा साफ केला, तशी बाईंनी त्यांच्याकडं अशी काही नजर टाकली की पुढचा खाकरा त्यांनी गिळूनच टाकला. ब्राह्मी डुलायची थांबली. तिनं हात घातला, बटाटा काढला आणि साबणापाशी नेऊन ठेवला.

सरांनी तो पुन्हा केळ्यापाशी ठेवला. ब्राह्मीनं लगेच परत नेला. या वेळी जरा आपटूनच.

सरांच्या कपाळावरची आठी गेली. आता त्यांनाही चेव चढला होता. त्यांनी बटाटा हातात घेतला, ब्राह्मीला दाखवला, "छान आहे हं, खाऊ या?" म्हणत तोंडापाशी नेला आणि आ केला.

ब्राह्मी उठली. दमलेली असताना ती आपणहून कधी उठत नसे. दोन्ही बुट्ट्या ओलांडून ती सरांपाशी गेली, त्यांच्या ओठांजवळचा बटाटा हिसकावून घेतला, पाठीमागं लपवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बेडा!"

बेडा, म्हणजे कन्नडमधलं नको. अक्काताईंच्या घरी दोन्ही भाषा एका चुलीवर शिजत, आणि लेकराला अडवायचं झालं की आजीच्या तोंडी हाच शब्द येई. मराठी शाळेत, मराठी परीक्षेत, पोरगी पहिल्यांदा बोलली ती साहेबांच्या भाषेत, आणि तेही साहेबांना दटावायला. नागेंद्र सरांचा आ तसाच राहिला.

"आयला!" मारुतीराव म्हणाले आणि बाई समोर आहेत हे आठवून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

घाडीबाई भिंतीला टेकूनच होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. ब्राह्मी बटाटा पाठीमागं धरून साहेबांकडं बघत होती, हा माणूस आता ऐकतोय का पुन्हा हट्ट करतोय, अशा नजरेनं.

"तिनं मला बटाटा खाऊ दिला नाही," नागेंद्र सर हळूच म्हणाले. मग त्यांनी पेन उचललं. आधी लिहून ठेवलेला 'सवलत' हा शब्द खोडला आणि त्याच्यावर दुसरा लिहिला.

"काय लिहिलं, सर?" बाईंनी विचारलं.

"बरोबर."

"मोठ्यानं वाचा. आज्जी भायेर बसल्यात."

"बरोबर," नागेंद्र सरांनी आवाज चढवून वाचलं.

"आणखी मोठ्यानं," बाई म्हणाल्या. "वर्गाला ऐकू जाऊ दे."